मानेमागची शिवण

४ जानेवारी

चिंगे,

नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं पत्र समजू नकोस, कामाचं पत्र आहे. तुमच्या तंबूच्या कारखान्यात ते बाहेरून चंदेरी आणि आतून काळं कापड येतं ना, ज्याच्या आत भर दुपारी अंधार होतो, ते मला हवंय. आणि नुसतं कापड नाही, शिलाई तुझ्या हातची हवी.

सांगतो. मागच्या महिन्यात भिंगरी दुकानात माझ्याजवळ बसली होती. आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, काचांना काळा कागद लावलेला, तू पाहिलंयस. मी एका फ्रिजच्या पोटात डोकं घातलं होतं आणि ती अंतराळवीरांचं पुस्तक वाचत होती. एकदम म्हणाली, "बाबा, जिथे श्वास घ्यायला हवासुद्धा नाही, तिथे ही माणसं सूट घालून बाहेर पडतात. आठ-आठ तास काम करतात. मग मला कोपऱ्यावरच्या दुकानांपर्यंत का जाता येत नाही?"

मी डोकं बाहेर काढलंच नाही. ऊन तिच्या कातडीला काय करतं ते तुला माहीत आहे. ढगाआडून आलेलं, साध्या काचेतून आलेलं, सगळंच भाजतं, आणि वरून बरं दिसलं तरी आत साठत जातं. पुढे त्याचं काय होऊ शकतं तो शब्द मी लिहीत नाही. दहा वर्षांची होईल आता, आणि दुकानं तिने फक्त शटर पाडतानाच पाहिली आहेत.

म्हणून ठरवलं. सूट करायचा. टोप, पंखा, थंड पाण्याच्या नळ्यांचं जाकीट हे सगळं मी करतो. अंगावरचा भाग तू. मापं मागच्या पानावर आहेत. डॉक्टरांशी बोललोय, त्यांची हरकत नाही.

फोन करू नकोस. तू संध्याकाळीच मोकळी असतेस आणि तेव्हा ही, म्हणजे तुझी वहिनी, घरात असते. तिला इतक्यात काही कळायला नको. पूर्ण झालं की तिला दाखवू.

दादा

*

१३ जानेवारी

दादा,

मापं बघितली. पोरगी किती उंच झाली रे! पण खांद्याचं माप चुकलंय. या मापाने शिवलं तर तिला हात वर करता येणार नाही, पुतळ्यासारखी उभी राहील. पुन्हा घे आणि या वेळी फ्रिजची मोजपट्टी वापरू नकोस.

कापडाचं आमच्या मुकादम बाईंना विचारलं. म्हणाल्या, "तुकडे ने हवे तेवढे, पण माझ्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीतच बस." म्हणजे रोज अर्धा तास. वेळ लागेल, घाई करायची नाही.

एक लक्षात ठेव. कापड कितीही दाट असलं तरी सुई भोक पाडतेच. तंबूच्या शिवणीवर आम्ही आतून गरम पट्टी चिकटवतो, म्हणजे भोकांतून पाणी येत नाही. तीच पट्टी इथेही लावते, पाणी नाही तर उजेडही नाही.

आता खरं बोल. तीन वर्षांपूर्वी आभाळ भरलेलं बघून तू तिला गच्चीवर नेलं होतंस. पाच मिनिटंच. तिच्या गालांवर तेव्हा आलेले फोड मी विसरले नाही, आणि वहिनी तर जन्मात विसरायच्या नाहीत. त्यांच्यापासून लपवून हे करायचं माझ्या मनाला पटत नाही. डॉक्टर नक्की हो म्हणाले ना? त्यांचे शब्द काय होते ते लिही.

चिंगी

*

२२ जानेवारी

चिंगे,

खांद्याचं नवं माप सोबत आहे. शिंप्याची टेप आणली, खूश?

टोप जवळजवळ झाला. वेल्डिंगवाल्याच्या टोपाची चौकट घेतली, पुढे जाड पॉलिकार्बोनेट आणि त्यावर गाडीच्या काचांची फिल्म, दोन थर. उन्हाचा मीटर आत ठेवून मी स्वतः टोप घालून एक वाजता गच्चीवर उभा राहिलो. बाहेर काटा वरच्या टोकाला, आत शून्य. पुन्हा पुन्हा केलं. शेजारचे म्हातारे बघून म्हणाले, "काय, मधमाश्या पाळताय का?" मी हो म्हटलं.

पंखा जुन्या संगणकातला आहे. हवा पाठीमागून आत येते, पण वाट तीन वेळा वळवली आहे, म्हणजे हवा येईल आणि उजेड येणार नाही. पाण्याचा पंप माशांच्या टाकीतला. बर्फाची बाटली कमरेला. भिंगरीने जाकीट घालून दुकानात तासभर झाडू मारला, घाम नाही. दुकान आणि रस्ता यांच्यामधल्या बोळाला तिने पुस्तकातलं नाव ठेवलंय, एअरलॉक. आतलं दार बंद झाल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही, असं पाटीवर लिहून चिकटवलंय. ही घरी यायच्या आत पाटी काढून ठेवते. मी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं.

वहिनीबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे. पण गच्चीच्या त्या दिवसापासून ती मला भिंगरीच्या खोलीचा पडदासुद्धा सरकवू देत नाही. स्वतः येऊन बघते, नीट लागलाय की नाही. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात दिवसभर माणसांना किरणांपासून जपते आणि घरी येऊन माझ्यापासून पोरीला. तिला आत्ता अर्धवट काही दाखवलं तर ती ते हातात घेणारसुद्धा नाही. पूर्ण सूट समोर ठेवला तरच काही आशा आहे.

डॉक्टर म्हणाले, नीट झाकलेलं असेल तर काही प्रश्न नाही.

दादा

*

५ फेब्रुवारी

दादा,

पार्सल पाठवते आहे. उघडताना कात्री चालवू नकोस, गाठ सोड.

अठरा दिवसांच्या सुट्ट्या गेल्या त्यात. जेवण उभ्याने. मुकादम बाई शेवटी शेवटी माझा डबा उघडून ठेवायच्या आणि मी टाके घालताना मला घास भरवायच्या. विचारलं कुणासाठी, तर सांगितलं. त्यांनी मग हातमोज्यांची बोटं स्वतः शिवली, माझ्याहून बारीक.

शिवणींवर पट्टी लावली आहे. मानेमागे दुहेरी झालर ठेवली आहे, ती तशीच राहू दे. टोप त्या झालरीच्या आत जाईल. घालताना आधी पाय, मग हात, मान शेवटी.

वहिनींना आता तरी दाखव. वस्तू पूर्ण आहे, आता कारण उरलं नाही.

भिंगरीला सांग, आत्याने डाव्या खिशाच्या आत तिच्यासाठी काहीतरी शिवलंय. शोध म्हणावं.

चिंगी

*

१२ फेब्रुवारी

चिंगे,

काय शिवलंयस! अंगावर चढवलं आणि पोरगी आरशाकडे धावली. तिथेच अर्धा तास. खिशातला चंद्र सापडला तिला, दिवसातून दहा वेळा हात घालून चाचपते.

बसलं अगदी बेतशीर. एकच अडचण होती. मानेमागची ती झालर पंख्याच्या नळीला अडत होती, नळी चेपायची आणि हवा बंद व्हायची. म्हणून कापली. आता टोप छान बसतो, चौकटीची कड कॉलरला टेकते. कापडाचा कापलेला तुकडा मी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरून पाहिला, आरपार काही म्हणजे काही जात नाही.

अठरा तारखेला, बुधवारी तिचा वाढदिवस. ही सकाळी आठला ड्युटीवर जाते. अकराला आम्ही निघणार. दुकानांच्या रांगेपर्यंत जायचं, पंधरा मिनिटांत परत. संध्याकाळी ही आली की भिंगरी स्वतः तिला सांगणार, "आई, मी जाऊन आले, बघ, काही झालं नाही." यापेक्षा मोठा पुरावा काय देणार मी? आधी सांगितलं तर नाहीच म्हणेल. नंतर सांगितलं तर रागावेल, पण तिला बघायला तरी मिळेल.

हे पत्र तुला मिळेल तोवर बहुतेक आम्ही जाऊन आलेलो असू.

दादा

*

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

दादा,

तुझा फोन बंद, वहिनींचा वाजून वाजून थांबतो. काय झालं मला कळत नाही. बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र आज मिळालं. दहा चाळीसला. माझी आज दुपारची पाळी होती म्हणून घरी तरी होते. दारातच वाचलं. "म्हणून कापली" इथे आले आणि फोन शोधायला आत धावले.

दादा, त्या झालरीखालच्या शिवणीला पट्टी नव्हती. मानेचा गोल लहान आहे. गरम पट्टीचं मशीन सरळ चालतं, एवढ्या लहान वळणावर ते फिरत नाही, पट्टीला चुण्या पडतात आणि ती उचकटते. चार वेळा करून पाहिलं. मग वरून दुहेरी झालर टाकली, म्हणजे भोकं झाकली जातील. आणि तुला लिहिलं नाही. का लिहिलं नाही? अठरा दिवस मुकादम बाई माझ्या कामाचं कौतुक करत होत्या, तुला माझ्याच हातची शिलाई हवी होती, आणि एक जागा मला जमली नाही हे मला लिहवेना. "तशीच राहू दे" एवढंच लिहिलं. कारण लिहिलं असतं तर तू कात्री लावली नसतीस.

तुला आठ वेळा फोन केला. मग हॉस्पिटलला. तिथे पंधरा मिनिटं इकडून तिकडे जोडत राहिले. वहिनी आल्या.

"चिंगी? काय झालं? कुणाला काय झालं?"

म्हटलं, "दादा भिंगरीला घेऊन बाहेर गेलाय."

त्या हसल्या. खरंच हसल्या. "उन्हात? काहीतरीच काय."

मग मी सूटचं सांगितलं. झालरीचं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एकच विचारलं, "कुठे?" म्हटलं, दुकानांकडे. त्यांनी फोन ठेवला नाही, तसाच टाकला. खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि पळत जाणारे पाय ऐकू आले. बराच वेळ मी तो मोकळा फोन कानाला धरून होते.

घड्याळात तेव्हा अकरा पाच झाले होते.

मी कामावर गेले नाही. काहीही असो, कळव. वाईट असेल तर आधी कळव.

चिंगी

*

२० फेब्रुवारी

चिंगे,

तू हिला फोनवर सांगितलंस ते सगळं मला कळलं, हिच्याकडून. फोन मी बंद ठेवला होता, हॉस्पिटलमधून हिचा आला तर खोटं बोलावं लागेल म्हणून. आता सगळं खरं लिहितो.

अकराला निघालो. बाहेरचं दार उघडलं आणि भिंगरी उंबऱ्यावरच थांबली. माझा हात इतका घट्ट धरला की मोज्यातून नखं लागली. मग चालायला लागली. काय काय बोलत होती सांगू! पाट्या मोठ्याने वाचत होती. भांड्यांच्या दुकानाबाहेर पातेली टांगलेली असतात, ती बघून म्हणाली, "बाबा, ही रोज बाहेर काढतात? आणि रोज आत नेतात?" दुकानदार हसून म्हणाला, "रोज, बाई, रोज." तिने त्याला हात केला. लोक थांबून बघत होते आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी इतका खूश होतो की मला आता त्याची लाज वाटते.

ऊन आमच्या पाठीवर होतं. जाताना पूर्ण वेळ पाठीवर.

मग रिक्षा थांबली आणि ही उतरून धावत आली. एक्स-रेच्या खोलीतला तो शिशाचा अ‍ॅप्रन, पाच-सहा किलोचा, तो दोन्ही हातांत धरून. मला वाटलं आता हात उगारणार. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अ‍ॅप्रन पोरीच्या डोक्यावरून मानेवर टाकला आणि दोन्ही हातांनी आवळून धरला.

भिंगरी आतून ओरडत होती, "आई! आई, बघ ना, मी बाहेर आहे!"

ही म्हणाली, "हो गं राणी. दिसतंय मला. आता आत जाऊ." आवाज एकदम शांत. घरी येईपर्यंत तिने तो आवाज तसाच ठेवला.

अकरा मिनिटं झाली होती.

भाजलेलं भिंगरीच्या कातडीवर लगेच दिसत नाही, तुला माहीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. आज दुसरा दिवस. ही रजेवर आहे. दर दोन तासांनी भिंगरीचे केस वर धरते आणि मान बघते. मी जवळ गेलो की म्हणते, "तू नको." त्याखेरीज माझ्याशी एक शब्द नाही. भिंगरी विचारते, "आहे का गं काही?" ही म्हणते, "अजून नाही." त्या "अजून"ला मी दिवसभर ऐकतो आहे.

डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. नाही म्हणतील याची भीती होती. तुला लिहिलेलं ते वाक्य मी स्वतः तयार केलं होतं. तू पट्टीचं लपवलंस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. तुझं लपवणं एका शिवणीपुरतं होतं.

दादा

*

२४ फेब्रुवारी

चिंगी,

तिसऱ्या दिवशी सकाळी उठलं. मानेवर आडवे सतरा लाल ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मशीनचे टाके असतात तसे. त्यांतल्या चारांवर फोड आले. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी मलम दिलं आणि दर महिन्याला त्या जागेचा फोटो काढायला सांगितलं. कायमचं. कातडी आता भरून येते आहे, पण हे सतरा ठिपके तिच्या हिशेबात राहणार. भिंगरी रडली नाही. "फक्त सतराच?" म्हणाली, आणि मीच आत जाऊन रडले.

हे तुझ्यावर राग काढायला लिहिलेलं नाही. राग आहे. तो वेगळा.

काल सूट घेऊन मी हॉस्पिटलला गेले. कचरा जाळायची भट्टी आहे तिथे, तिच्यात टाकणार होते. पण त्याआधी मला तुझ्या दादाला दाखवायचं होतं की किती ठिकाणी भोकं आहेत. आकडा हवा होता मला. आमच्याकडे जुनी डार्करूम आहे, आता तिथे फायली ठेवतात. दार लावलं. सूटच्या आत वायरीवरचा मोठा दिवा सोडला, मानेपासून पायापर्यंत फिरवला. आम्ही शिशाच्या अ‍ॅप्रनला भेग गेली आहे का ते दर तीन महिन्यांनी तपासतो, हे माझं नेहमीचंच काम.

मानेमागे ओळ चमकली. डाव्या गुडघ्यावर एक टाका चमकला. बाकी काही नाही. बाह्या, पाय, पाठ, बोटांच्या बेचक्यासुद्धा, सगळं काळं. मी दिवा दोनदा फिरवला. मला वाटत होतं, सापडावं काहीतरी. सापडलं नाही. काम इतकं चांगलं आहे हे बघून मला जास्त राग आला. भट्टीपर्यंत जाऊन परत आले.

चिंगी, गळती शोधण्याचा पगार घेणारी या घरात मी एकटी आहे. दहा मिनिटांचं काम होतं. तो गच्चीवर उभा राहून टोप तपासतो, नोटांच्या दिव्याखाली चिंध्या तपासतो, तू जेवण सोडून शिवतेस, माझी पोरगी माझ्यापासून पाटी लपवते. आणि मला कुणी एकदाही विचारलं नाही. मी नाही म्हणेन म्हणून. म्हटलं असतं. पहिल्यांदा नक्की म्हटलं असतं. मग चार दिवसांनी विचारलं असतं, कापड कुठलं आहे.

सूट परत पाठवते आहे. मान नवीन कर. कशी ते तुला ठाऊक. पण जिथे जमणार नाही तिथे खडूने मोठी फुली मार आणि लिही, "इथे जमलं नाही." मला फुली चालेल. झालर चालणार नाही.

वहिनी

*

११ मार्च

वहिनी,

पत्र वाचून उत्तर द्यायला इतके दिवस का लागले, ते सूट बघितल्यावर कळेल. माफी कागदावर मागता येत नाही मला. समोर येईन तेव्हा मागेन, तुम्ही काय ते बोला.

मानेवरची शिवणच काढून टाकली. पाठ आणि कॉलर एका अखंड तुकड्यात कापली आणि जोड खांद्यावर आणला, तिथे शिवण सरळ जाते आणि पट्टी सपाट बसते. तीन वेळा उसवलं. दोनदा मला पटलं नाही म्हणून, एकदा मुकादम बाईंना. पंख्याच्या नळीसाठी पाठीत वेगळी वाट ठेवली आहे, म्हणजे दादाला कात्री शोधावी लागणार नाही.

डाव्या गुडघ्यावरच्या टाक्यावर नवी पट्टी चिकटवली. एक फुली आहे. उजव्या काखेत, आतल्या बाजूने. तिथे पट्टी दोन बोटं कमी पडते, हात वर केला की ताणते. मला जमलं नाही.

चिंगी

*

२९ एप्रिल

चिंगी,

तुझी फुली बघितली. दिवा लावला, खरंच दोन टाके चमकत होते. काखेत आतून चौकोनी ठिगळ चिकटवलं आणि हात शंभर वेळा वर-खाली करून पुन्हा बघितलं. आता काळं आहे.

सूट मी डॉक्टरांकडे नेला. तुझा दादाही आला. मी त्याला म्हटलं होतं, तूच सांग, पहिल्यापासून. त्याने सांगितलं. डॉक्टर त्याला काय बोलले ते लिहीत नाही, त्याने मान खाली घालून ऐकलं. मग डॉक्टरांनी स्वतःचा मीटर आणून सूटच्या आत नऊ ठिकाणी धरला. दुसऱ्या भेटीतही हो म्हणाले नाहीत. तिसऱ्या भेटीत म्हणाले, "पंधरा मिनिटं. सकाळी नऊच्या आत. आणि तुम्ही बरोबर."

रविवारी गेलो. सकाळी आठ वाजता, तिघंही. मी घड्याळ हातात धरलं होतं. पोरगी भांड्यांच्या दुकानाशी गेली. दुकानदार पातेली बाहेर टांगत होता. तिने विचारलं, "मी एक लावू?" त्याने तिला आकडीची काठी दिली. मोज्यांच्या बोटांनी तिला नीट पकडता येईना, दोनदा पातेलं पडलं, सगळी गल्ली वाजली. तिसऱ्यांदा लागलं. मी सारखी तिच्या मानेकडे बघत होते, कापड आहे, दिसत काहीच नव्हतं, तरी बघत होते. चौदाव्या मिनिटाला म्हटलं, चल. म्हणाली, "अजून एक लावते ना." म्हटलं, नाही. पाय आपटून आली. एअरलॉकमध्ये आतलं दार लागेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. इतर पोरी आईशी बाजारातून येताना भांडतात तशी भांडली. मला ते फार बरं वाटलं, कुणाला सांगू नकोस.

मग तीन दिवस. तुला ते काय असतात हे आता सांगायला नको. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही.

आज तिसरा दिवस. सकाळी केस विंचरताना भिंगरी माझ्यासमोर पाठ करून बसली आणि माझे हात पुढे जाईनात. तुझा दादा दारात उभा होता. फेब्रुवारीपासून तो तिथेच उभा राहतो, आत येत नाही. मी कंगवा खाली ठेवला आणि म्हटलं, "आज तू बघ."

तो आला. हात धुऊन आला. केस वर धरले, खूप वेळ बघितलं, कानामागे बघितलं, पुन्हा मान बघितली.

म्हणाला, "काही नाही."

मी वेणी घालायला घेतली. पुन्हा बघितलं नाही.

वहिनी